जुन्या गाडीच्या इंजिनातील रबर कसे तपासावे आणि काय आधी बदलावे

कोल्हापुरात पंधरा-वीस वर्षांच्या, पण फारशा न फिरलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. घरापासून मंडईपर्यंत, अधूनमधून जोतिबाला किंवा गावाकडच्या शेतावर, आणि वर्षातून एखाद्या वेळी गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात, एवढाच त्यांचा प्रवास असतो. मीटरवर साठ-सत्तर हजार किलोमीटर दिसतात आणि गाडी अजून नव्यासारखी आहे, असे मालक समाधानाने सांगतो. लोखंडाच्या बाबतीत त्याचे म्हणणे बहुधा खरे असते, कारण पिस्टन, क्रँक आणि गिअर वापरानुसार झिजतात. रबराचे वय मात्र मीटरवर उमटत नाही. उष्णता, हवेतील ऑक्सिजन व ओझोन, आणि तेल-पेट्रोलाचा संपर्क यांमुळे रबर बनल्या दिवसापासून बदलत राहते, गाडी दारात झाकून ठेवलेली असली तरीही. म्हणून अशा गाडीच्या इंजिनातील रबराचे भाग किलोमीटर मोजून न बदलता वर्षे मोजून आणि हाताने तपासून बदलावे लागतात. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. ते झाले म्हणजे बॉनेटखालचे होज पाइप आणि पट्टेही कोणी पाहून दिले, असा अर्थ कोणी काढू नये.

रबर बिघडते म्हणजे काय होते

इंजिनात एकाच जातीचे रबर नसते, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे निम्म्या चुका होतात. रेडिएटरचे होज पाइप आजकाल बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर गरम पाणी, वाफ आणि ओझोन उत्तम सोसते, पण इंजिन ऑइल, डिझेल किंवा ग्रीस लागले की फुगून पिचपिचीत होते. इंधनाचे पाइप, पंपाचे सील आणि बहुतेक साधी ऑइल सील नायट्राइल रबराची असतात. त्यांना तेल चालते, परंतु सतत शंभर-एकशेवीस अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता आणि उघड्यावरचा ओझोन चालत नाही. जास्त उष्णतेच्या जागी व्हायटॉन या नावाने ओळखले जाणारे फ्लोरोरबर वापरतात, जे दोनशे अंशांपर्यंत टिकते आणि त्या मानाने महागही असते. इंजिन ज्यांवर टेकलेले असते ते माउंटिंग बहुधा नैसर्गिक रबराचे असते, कारण कंप शोषण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. तेलापुढे मात्र ते सर्वांत दुबळे.

उष्णतेचा हिशेब साधा आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रबराचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा या क्षेत्रात वापरला जातो. एकाच गाडीत एक पाइप धडधाकट आणि त्याच वयाचा दुसरा पाइप वाळलेला का सापडतो, याचे उत्तर यातच आहे. एक्झॉस्टच्या बाजूने जाणारा पाइप, टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि टर्बोजवळचे रबर आधी जाते, तर बंपरकडच्या थंड बाजूचे रबर मागाहून जाते. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी सर्वांत गरम कोपऱ्यापासून करावी.

येथे आपल्याकडच्या एका सवयीविषयी सांगणे भाग आहे. पावसाळ्यापूर्वी गाडी धुवायला दिली की चेसिसला गंज लागू नये म्हणून खालून डिझेल किंवा जळके ऑइल मारतात, आणि बॉनेटखाली चमक यावी म्हणून तोच फवारा इंजिनावरही फिरवतात. पत्र्याला याचा थोडाफार उपयोग होत असेलही, पण माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, होज पाइप आणि पट्टे यांना तो फवारा विषासारखा आहे. दोन-तीन पावसाळे असे केलेल्या गाडीचे माउंटिंग काठाने सुजलेले आणि बोटाला काळे लागणारे सापडते. इंजिन धुवायचेच असेल तर सौम्य साबणाचे पाणी पुरेसे आहे, आणि चेसिसला तेल मारायचेच असेल तर रबर झाकून ते ब्रशने लावून घ्यावे.

हाताने तपासण्याची पद्धत

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि भरपूर उजेडात करावी. लहान विजेरी, जुने सुती फडके, एक छोटा आरसा आणि खडू एवढे साहित्य पुरते. रबर चार प्रकारे बिघडते आणि चारही प्रकार बोटांना वेगवेगळे जाणवतात. उष्णतेने वाळलेले रबर कडक होते, नख रुतत नाही आणि वाकवले की बारीक चिरा उघडतात. तेलाने बिघडलेले रबर उलट मऊ पडते, फुगते आणि चिकट लागते. ओझोनच्या चिरा नेहमी ताण पडतो तेथे, म्हणजे पाइपच्या बाहेरील वळणावर आणि क्लिपच्या काठाशी, ताणाला आडव्या पडतात. चौथा प्रकार घासण्याचा असतो, ज्यात पाइप एखाद्या ब्रॅकेटला टेकून एका बाजूने पातळ होतो. फडक्याने पुसल्याशिवाय तो दिसत नाही.

उसाच्या पट्ट्यात, म्हणजे शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या भागांत शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत पाचवे कारण उंदीर हे असते. तोड सुरू झाली की शेतातले उंदीर आसरा शोधत गाडीच्या उबेला येतात आणि वायरिंगबरोबर इंधनाचे व व्हॅक्यूमचे बारीक पाइपही कुरतडतात. चिरा न पडता अचानक पाइपचा लचका तोडलेला दिसला तर दोष रबराला देऊ नये.

रेडिएटरचे होज पाइप

होज पाइपच्या बाबतीत बाहेरून दिसणाऱ्या चिरांवर फार विसंबू नये. पाइपच्या आत कूलंट, धातूचे तोंड आणि रबरातील कार्बन यांच्यात एक सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया चालते आणि तिच्यामुळे आतल्या पृष्ठभागावर पाइपच्या लांबीच्या दिशेने चिरा पडत जातात. त्या आतील दोऱ्याच्या थरापर्यंत पोचल्या की दोरा कुजतो, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारा पाइप एके दिवशी चढावर फुटतो. ही इजा विशेषतः टोकापासून दीड-दोन इंचांच्या आत होते. त्यामुळे पाइप मधोमध दाबून पाहण्याला तितकासा अर्थ नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाइप क्लिपच्या लगत धरावा आणि दाबावा. नंतर तसाच मधल्या भागात दाबावा. टोकाकडचा भाग मधल्या भागापेक्षा मऊ, स्पंजासारखा लागला किंवा बोटांखाली आत फट असल्यासारखी जाणवली, तर तो पाइप बाहेरून कितीही चांगला दिसत असला तरी बदलावा. आधी थर्मोस्टॅटकडून (पाणी ठरावीक तापल्यावर उघडणाऱ्या झडपेकडून) रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जाणारा टॉप होज आणि हीटरचे दोन पाइप पाहावेत, कारण सर्वांत गरम पाणी त्यांतून जाते. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो, यावरून या पाइपांना रोज काय सोसावे लागते याची कल्पना येईल.

कूलंट भरण्याऐवजी बोअरचे पाणी ओतत राहण्याची पद्धत येथे सर्रास आहे. त्या पाण्याने क्षार साचतात, गंज चढतो, आणि वर सांगितलेली विद्युत-रासायनिक क्रियाही वेगाने चालते, कारण तिला अडवणारी रसायने कूलंटमध्ये असतात आणि तीही काही वर्षांत संपतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट समप्रमाणात मिसळून भरावे आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदलावे. नवे पाइप टाकून जुनेच लालसर पाणी परत भरणे म्हणजे खर्च वाया घालवणे होय.

पाइप काढताना तो पकडीने पिरगाळून ओढू नये. जुना पाइप तोंडाला चिकटून बसलेला असतो आणि जोर केला की रेडिएटरचे प्लॅस्टिकचे किंवा पितळी तोंडच तुटून हातात येते. शंभर-दोनशे रुपयांचे काम मग हजारांत जाते. पाइप तसाही टाकूनच द्यायचा असल्याने ब्लेडने लांबीच्या दिशेने हलका छेद द्यावा, मात्र पाते धातूला ओरखडा पाडणार नाही इतकेच आत घालावे, आणि मग तो सोलून काढावा. तोंडावरचा पांढरा-हिरवा थर बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. नवा पाइप सहज चढावा म्हणून त्याला आतून थोडे कूलंट लावावे. ऑइल किंवा ग्रीस कधीही लावू नये. क्लिप तोंडावरील उंचवट्याच्या आतल्या बाजूला आणि पाइपच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर सोडून बसवावी. ती रबर बाहेर फुगेपर्यंत आवळणे हा कामाचा दर्जा नव्हे; जास्त आवळलेली पट्टी रबर कापते. कंपनीने स्प्रिंगची क्लिप दिली असेल तर ती परत वापरणेच बरे, कारण रबर कालांतराने दबले तरी ती ताण कायम ठेवते.

पाणी भरताना हीटर पूर्ण गरमकडे ठेवावा, गाडीचे तोंड किंचित चढाला लावावे आणि हवा निघेपर्यंत इंजिन हळू चालवावे. त्याच वेळी रेडिएटरच्या झाकणाचे रबरही पाहावे. हे झाकण व्यवस्थेत साधारण एक वायुमंडलाइतका जादा दाब धरून ठेवते, ज्यामुळे पाणी शंभरच्या बरेच पुढे जाऊनही उकळत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने येथे उघड्यावर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, म्हणून झाकणाचे सील सैल झालेल्या गाडीला पन्हाळ्याच्या चढावर त्याचा फटका आधी बसतो. अशा वेळी पाइप, पंप, रेडिएटर असे एकेक बदलत जाण्यापूर्वी झाकण बदलून पाहावे. सर्वांत स्वस्त भाग तोच आहे.

घाटात पाइप फुटलाच तर काटा लालकडे जाण्याची वाट न पाहता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण लगेच उघडू नये, तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. निदान अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा पाइप हाताला गार लागल्यावर झाकण जाड फडक्याने धरून हळूहळू सैल करावे. टोकाशी फाटला असेल तर तेवढा भाग कापून पाइप परत चढवता येतो; मध्ये फाटला असेल तर कोरडा पुसून आपोआप चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळावी, पाणी भरावे आणि झाकण पहिल्या खाचेवरच ठेवावे, म्हणजे दाब तयार होणार नाही. असे करून जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येते, त्यापुढे नाही.

पट्टे

फॅन बेल्ट तुटला तर फक्त बॅटरी चार्ज होणार नाही, असा एक समज आहे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो आणि तोच पट्टा बहुधा वॉटर पंपही फिरवतो. म्हणजे आंबा घाट उतरताना तो एक पट्टा तुटला तर चार्जिंग जाते, पाणी फिरणे थांबते, आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक पूर्ण जात नाही, पण गाडी थांबवायला दोन्ही पायांचा जोर लागावा अशी स्थिती येते. डिझेल गाडीच्या मालकाने या एका कारणासाठी पट्ट्याकडे अधिक काटेकोरपणे पाहावे.

इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा असेल तर तो पिळून त्याची आतली बाजू वर आणावी. बाजूच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पट्टा घसरतो आहे. आडव्या चिरा, सुटलेले दोरे किंवा तेलाने आलेला मऊपणा दिसला तर तो बदलावा. दोन पुलींमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने चांगला दाब दिला असता साधारण दहा मिलिमीटर दबला की ताण बरा समजावा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जादा ताण दिला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगचा बळी जातो. खाचांचा चपटा पट्टा असेल तर एक फरक ध्यानात घ्यावा: जुन्या निओप्रीनच्या पट्ट्यांना चिरा पडत, पण ईपीडीएमचे नवे पट्टे चिरा न पडता झिजतात, त्यांच्या खाचा रुंद आणि खोल होत जातात, आणि वरवर पाहणाऱ्याला ते ठणठणीत दिसतात. वाजणाऱ्या पट्ट्याला साबण, मेण किंवा बेल्ट स्प्रे लावणे हा उपाय नाही. आवाज जातो, कारण तसेच राहते.

टायमिंग बेल्टचे, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचे प्रकरण वेगळे आहे. मारुती ८००, ओम्नी, जुनी सँट्रो, टाटा इंडिकाची डिझेल आवृत्ती अशा अनेक गाड्यांना टायमिंग बेल्ट आहे, तर इतर पुष्कळ गाड्यांना चेन आहे. आपल्या गाडीला काय आहे हे आधी मॅन्युअलमधून निश्चित करावे. ज्या इंजिनात पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, त्यात हा पट्टा तुटला की वॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. डिझेल इंजिनात ही शक्यता अधिक असते. हा पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा काहीही सांगत नाही, म्हणून येथे ‘बघून ठरवू’ हे धोरण मला मान्य नाही. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही मर्यादा असेल, तर जी आधी येईल ती पाळावी. जुनी गाडी विकत घेतली आणि मागच्या मालकाकडे पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे. पट्ट्याबरोबर त्याला ताण व दिशा देणाऱ्या पुली (टेन्शनर, आयडलर) आणि त्याच कव्हरमागची कॅम व क्रँकची ऑइल सील बदलून घ्यावीत, कारण मजुरी एकदाच लागते आणि गळके सील नव्या पट्ट्यालाही तेलात बुडवते. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याचाही विचार तेव्हाच व्हावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात गेलेली गाडी कोणी स्वस्तात घेतली असेल, तर टायमिंग कव्हर एकदा उघडून पाहणे आवश्यक आहे; आत वाळलेला गाळ दातांत अडकून पट्टा खात राहतो.

इंधनाचे पाइप आणि ई-२० पेट्रोल

या लेखातील सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे, कारण येथे चूक झाली तर गाडी बंद पडत नाही, पेटते. सकाळी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येणे ही खूण किरकोळ समजू नये. टाकीजवळचा भरण्याचा पाइप, लोखंडी नळी आणि इंजिन यांच्यामधील जोड, फिल्टरचे दोन्ही जोड आणि कार्ब्युरेटरकडे जाणारा तुकडा, एवढ्या जागा आरसा लावून पाहाव्यात. पाइप हलकेच वाकवावा. वळणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या तर त्या दिवशी गाडी चालवू नये.

आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, यालाच ई-२० म्हणतात, आणि त्यातील बराच वाटा आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींतून जातो. एप्रिल २०२३ पासून बाजारात आलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला सोसतील अशा रबराचे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, इथेनॉलमुळे साधे नायट्राइल रबर व कॉर्कची पॅकिंग फुगतात, आणि गाडी बराच काळ उभी राहून इंधन उडून गेले की तीच आकसून कडक होतात. या फुगण्या-आकसण्याच्या फेऱ्यांत पाइप जोडाशी सैल पडतो. जुन्या काही गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावी लागू शकतात, असे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. एकदा सर्व पाइप योग्य दर्जाचे टाकले की प्रश्न मिटतो. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे ढकलते, म्हणून पाइपांबरोबर फिल्टरही बदलावा.

दर्जा पाइपवर छापलेला असतो. एसएई जे ३० या मानकाखालील आर ६ किंवा आर ७ लिहिलेला पाइप कार्ब्युरेटरच्या कमी दाबाच्या इंधनासाठी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत दाब साधारण तीन बारच्या आसपास असतो, तेथे आर ९ पाइपच हवा, ज्याला आतून फ्लोरोरबराचा थर असतो आणि तो इथेनॉललाही चांगला टिकतो. माझ्या मते जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीलाही आर ९ च टाकावा, किमतीतला फरक क्षुल्लक आहे. फुटावर मिळणारा, काहीही न छापलेला काळा पाइप इंधनासाठी घेऊ नये. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी आर १० हा वेगळा प्रकार लागतो, कारण आर ९ चे बाहेरचे आवरण पेट्रोलात राहण्यासाठी नसते.

काम उघड्या हवेत करावे. इंजेक्शनची गाडी असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. पिवळा बल्ब लावलेला हँडलॅम्प बॉनेटखाली टांगून हे काम करणारे आजही दिसतात. तो फुटला तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. दाते असलेल्या साध्या क्लिपऐवजी कडा वळवलेल्या इंधनाच्या क्लिप वापराव्यात आणि काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहावा.

डिझेल गाड्यांत गळतीपेक्षा उलटा त्रास अधिक दिसतो. इंजेक्टरवरून परत जाणारे दोऱ्याच्या विणीचे बारीक पाइप वाळले की त्यातून हवा आत जाते, रात्रभरात डिझेल मागे सरकते आणि सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. पुष्कळदा अशा गाडीचा पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला जातो. तसे करण्यापूर्वी तो विणीचा पाइप बोटांनी चोळून पाहावा. दोरे तेलकट आणि ठिसूळ होऊन सुटू लागले असतील तर आधी तोच बदलावा. इंजिनाकडे जाणाऱ्या मार्गात तात्पुरता पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला तर आत जाणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

माउंटिंग

इंजिनाचे माउंटिंग, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री फाउंडेशनही म्हणतात, तुटले तरी गाडी चालत राहते, म्हणून ते दुर्लक्षिले जाते. न्यूट्रलमध्ये स्टिअरिंग थरथरणे, क्लच सोडताना धक्का, बंद करताना इंजिन अंग झटकल्यासारखे हलणे या त्याच्या खुणा होत. तपासण्यासाठी हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत, एकाने ब्रेक दाबून पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच थोडा सोडावा, आणि दुसऱ्याने गाडीच्या समोर न उभे राहता बाजूने इंजिन किती उचलते ते पाहावे. ते एका बाजूने स्पष्ट उचलले जात असेल किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर रबर सुटलेले आहे. द्रव भरलेले माउंटिंग असेल तर खाली काळे ओघळ दिसतात. एक तुटले की बाकीच्यांवर भार येतो, आणि हलणारे इंजिन होज पाइप, एक्झॉस्ट व गिअरची जोडणी यांनाही ओढत राहते. नवा टॉप होज काही महिन्यांत पुन्हा फाटण्याचे कारण कधीकधी येथे सापडते. शक्यतो सगळी माउंटिंग एकत्र बदलावीत आणि बोल्ट इंजिन आपल्या जागी टेकल्यावरच अखेरचे आवळावेत.

सील आणि पॅकिंग

तेल कोठून गळते हे ओळखण्यासाठी इंजिन पुसून कोरडे करावे, संशयित जागेखाली खडूची पूड लावावी आणि एक फेरी मारून यावे. तेल वरून खाली आणि पुढून मागे वाहते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा खरी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल येत असेल तर मागचे क्रँक सील संशयात घ्यावे, आणि क्लच घसरू लागण्यापूर्वी ते काम करावे. मात्र सील बदलण्याआधी इंजिनाच्या आतली वाफ व वायू बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप चोंदला आहे का ते पाहणे अगत्याचे आहे. तो चोंदला की आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवावे किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतील लेथवर बारीक स्लीव्ह बसवून घ्यावी. या कामाला कोल्हापूरसारखे शहर दुसरे नाही.

निळ्या धुराविषयी थोडे. लांब घाट पाय उचलून उतरल्यावर पेट्रोल गाडीला ॲक्सिलरेटर देताच निळ्या धुराचा एक लोट येत असेल आणि मग तो थांबत असेल, किंवा सकाळी चालू करतानाच तेवढा येत असेल, तर बहुधा वॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असतात. सतत, ओझ्याखाली अधिक येणारा धूर पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवतो. पहिल्या प्रकारात पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवताही सील बदलता येतात, म्हणून कोणी थेट बोअरिंगचा सल्ला दिला तर आधी कॉम्प्रेशन तपासून मागावे.

दुचाकीवाल्यांसाठी एवढेच, की कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधील मॅनिफोल्डचे रबर चिरले की रेस आपोआप वाढते आणि खाली येत नाही. गाडी चालू ठेवून त्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारावा; आवाज बदलला तर रबर फाटले आहे, कार्ब्युरेटर उघडण्याची गरज नाही.

खरेदी आणि कामाचा क्रम

रबराचा भाग विकत घेताना पाकिटावरची तारीख पाहावी. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले पट्टे आणि पाइप, ते कंपनीचे असले तरी, घेऊ नयेत. दुर्मीळ गाडीचा भाग मिळतो म्हणून तीन-चार नग घेऊन माळ्यावर ठेवण्यातही अर्थ नाही, ते तेथेच वाळतात. गाडीचा भाग मिळतच नसेल तर साधी माउंटिंग आणि बुश मोल्ड करून देणारे कारागीर सापडतात. इंधनाचे पाइप, टायमिंग बेल्ट आणि ब्रेकचे रबर मात्र असे बनवून घेऊ नये. ब्रेकच्या सीलला खनिज तेलाचा थेंबही चालत नाही, हेही येथेच नोंदवतो. आणि गाडी कधी जळली असेल तर वितळून चिकट झालेल्या सीलला उघडा हात लावू नये, कारण फ्लोरोरबर जळताना घातक आम्ल तयार होते.

सगळे एकदम करण्याइतके पैसे नसतील तर क्रम असा धरावा: आधी इंधनाचे पाइप, मग इतिहास माहीत नसलेला टायमिंग बेल्ट, त्यानंतर फॅन बेल्ट आणि ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याचा) व्हॅक्यूम पाइप, मग होज पाइप, झाकण व कूलंट, आणि शेवटी माउंटिंग व सील. बूस्टरचा पाइप तपासायला इंजिन बंद असताना ब्रेक चार वेळा दाबून पाय तसाच ठेवावा आणि गाडी चालू करावी. पेडल किंचित खाली गेले तर व्हॅक्यूम पोचतो आहे. हे काम मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळा आणि घाटातला पाऊस यांच्या आधी उरकावे. मिस्त्रींना काढलेले सर्व भाग परत मागावेत आणि प्रत्येक नव्या भागाची तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. नवे होज पाइप दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर क्लिप थोड्या सैल पडतात, म्हणून आठवड्याने इंजिन थंड असताना त्या पुन्हा एकदा पाहून, लागल्यास अर्धा वेढा आवळाव्यात.